निळ्या कोळ्याचं खरं गाव

गुत्ती रेल्वे स्टेशनाच्या लाकडाच्या वखारीत तो सापडला. एकच. एकोणिसावं शतक संपत आलं होतं. मद्रास इलाख्यात रेल्वेला लाकूड पुरवून पुरवून जंगलं थकली होती. वखारीत रचलेल्या लाकडांत कुणाच्या तरी नजरेला हा मोठा, केसाळ कोळी पडला. पाहणाऱ्याने तो चपलेखाली चिरडला नाही, हे आपलं भाग्य. कोळी जपून ठेवला गेला, समुद्र ओलांडून लंडनला गेला आणि तिथल्या निसर्गविज्ञान संग्रहालयात रेजिनाल्ड इन्स पोकॉक यांच्या टेबलावर पोहोचला.

पोकॉक तेव्हा ऐन पस्तिशीत होते. पुढे ते लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचे अधीक्षक झाले, भारतातल्या सस्तन प्राण्यांवरच्या त्यांच्या कामामुळे वाघ-बिबट्यांच्या अभ्यासकांना ते आजही माहीत आहेत. पण या काळात त्यांचं जग आठ पायांचं होतं. कोळी, विंचू, गोम यांचा संग्रह त्यांच्या ताब्यात होता. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यातून वनाधिकारी, मळेवाले, डॉक्टर, इंजिनिअर अशी मंडळी त्यांच्याकडे नमुने पाठवत. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्येही त्यांनी 1899 मध्येच भारतातल्या नव्या कोळी-विंचवांची वर्णनं छापली आहेत. त्याच वर्षी त्यांनी गुत्तीच्या कोळ्याचं बारसं केलं. पोसिलोथेरिया मेटॅलिका. अंगावर धातूसारखी निळी झाक होती, त्यावरून हे नाव. नमुन्याचं ठिकाण म्हणून नोंद झाली ती गुत्तीची.

त्यानंतर 102 वर्षं या कोळ्याचा पत्ताच नव्हता.

मराठी वाचकाला गुत्ती परकी नाही. मुरारराव घोरपड्यांचं हे ठाणं. अठराव्या शतकात कर्नाटकातल्या प्रत्येक लढाईत ज्यांचे घोडेस्वार आपल्या बाजूला हवेत म्हणून इंग्रज, फ्रेंच आणि निजाम धडपडायचे, ते गुत्तीकर घोरपडे. 1776 मध्ये हैदर अलीने वेढा घालून किल्ला घेतला आणि मुरारराव कैदेत गेले. किल्ला अजून गावावर उभा आहे. मुंबईहून चेन्नईला जाणारी गाडी सोलापूर, वाडी, रायचूर, गुंतकल करत गुत्तीला येते, तेव्हा खिडकीतून दिसतो तो उघडा प्रदेश. मोठमोठे खडक, खुरटी झुडपं, कमी पावसाची जमीन. अनंतपूर जिल्ह्याचा हा भाग दुष्काळासाठीच ओळखला जातो.

आणि इथेच पहिली गाठ पडते. पोसिलोथेरिया कुळातले कोळी झाडांवर राहणारे. टॅरंट्युला म्हटलं की जमिनीत बीळ करून दबा धरून बसलेला कोळी आपल्या डोळ्यांपुढे येतो, आणि बरेचसे असतातही तसे. हे कुळ वेगळं. जगात ते फक्त भारतात आणि श्रीलंकेत आढळतं, आणि त्याचं घर म्हणजे उंच, जुन्या झाडाच्या खोडातली ढोली. फांदी मोडून पडल्यावर कुजत कुजत आत गेलेली पोकळी, साल सुटून झालेली फट, अशा जागी हा कोळी तोंडाशी रेशमाचं वेडंवाकडं नरसाळं विणतो आणि दिवसभर आत बसून राहतो. असा प्राणी गुत्तीच्या खडकाळ माळावर राहणार कुठे? ज्या गावाचं नाव त्याला कायमचं चिकटलं, त्या गावात त्याला पाठ टेकायला ढोली मिळणं मुश्कील.

तरीही नोंद ती नोंद. जीवशास्त्रात एखाद्या जातीचा मूळ नमुना जिथे मिळाला, त्या जागेला फार मान असतो. पुढचा प्रत्येक अभ्यासक शोधाची सुरुवात तिथूनच करतो. पोकॉक यांनी 1900 साली ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरच्या ग्रंथमालेत कोळी-विंचवांचा खंड लिहिला. भारतीय कोळ्यांवर काम करणाऱ्या कितीतरी पिढ्यांनी तो खंड हाताशी ठेवला, आणि निळ्या कोळ्याला भेटायचं तर गुत्तीला जायचं, हे पक्कं झालं. बाटलीवरच्या चिठ्ठीत खोटं काहीच नव्हतं, कोळी खरोखरच तिथे मिळाला होता. फक्त तो तिथला नव्हता.

शंभर वर्षं म्हणजे किती हे नीट लक्षात घ्यायला हवं. या काळात इंग्रज गेले, संस्थानं गेली, मद्रास इलाख्याचे तुकडे होऊन आंध्र झालं. कोळ्यांच्या अभ्यासात सूक्ष्मदर्शकापासून जनुकांपर्यंत मजल गेली. तरी या एका जातीसाठी शास्त्राकडे होता तो स्पिरिटमध्ये ठेवलेला एक नमुना, एक छापील वर्णन आणि एका स्टेशनाचं नाव. जिवंत कोळी कुणी पाहिल्याची नोंद नाही, तो काय खातो, पिल्लं कशी वाढवतो, नर कसा दिसतो, कशाचाच थांग नाही. एखादी जात इतका काळ दिसली नाही की ती संपली असावी ही शंका येतेच. जंगलतोडीचा वेग पाहता ती शंका अवाजवीही नव्हती.

मग उलगडा कसा झाला? उत्तर पहिल्या नोंदीतच पडून होतं, ‘वखार’ या शब्दात. वखारीत झाड उगवत नाही. वखारीत लाकूड येतं. ते लाकूड कुठून आलं, हा खरा प्रश्न होता.

त्या काळची रेल्वे लाकडावर चालायची असं म्हटलं तरी चालेल. रुळांखाली लाकडाचे स्लीपर. दगडी कोळसा दक्षिणेत महाग, म्हणून मद्रासकडच्या इंजिनांच्या भट्टीतही वर्षानुवर्षं लाकूडच जळत होतं. मद्रासहून येणारी लोहमार्गाची रेघ 1871 मध्ये रायचूरला मुंबईच्या जीआयपी रेल्वेला जोडली गेली. गुत्ती याच मार्गावर. पुढे बल्लारीकडून गुंतकल, नंद्याल असा एक अरुंद मार्ग पूर्वेला कृष्णेच्या मुखाकडच्या मुलखापर्यंत नेण्यात आला. तो चालवत होती सदर्न मराठा रेल्वे. नंद्याल सोडलं की हा मार्ग सपाटी सोडून थेट डोंगरात शिरतो, बोगदे आणि उंच पूल ओलांडत गिद्दलूरला उतरतो. हा डोंगर म्हणजे नल्लमला, पूर्व घाटाची कृष्णा आणि पेन्ना या नद्यांच्या दरम्यानची रांग. साग, ऐन, धावडा, बिबळा अशा पानगळीच्या झाडांचं जंगल. चेंचू या वनवासी समाजाचं पिढ्यान्‌पिढ्यांचं घर. गुत्तीला जे मिळणं अशक्य होतं ते सगळं इथे होतं. उंच झाडं, जुनी खोडं आणि त्यांत ढोल्या.

ओंडका तोडून गाडीत चढवला तरी ढोलीतला कोळी बाहेर पडेलच असं नाही. उजेडाचा त्याला तिटकारा, धोका वाटला की तो आणखी आत सरकतो. उपाशी राहून आठवडेच्या आठवडे काढण्याची ताकद टॅरंट्युलांमध्ये असतेच. तेव्हा जंगलात पडलेल्या झाडासोबत तो गाडीत आला असावा आणि लाकूड जिथे उतरलं तिथे, घरापासून शंभर किलोमीटरवर, माणसाच्या हाती लागला असावा. 1899 च्या त्या नोंदीचा हाच अर्थ आज अभ्यासक मानतात. मलाही दुसरा कुठला अर्थ पटत नाही.

2001 साली नंद्याल आणि गिद्दलूर यांच्या मधल्या राखीव जंगलात तो पुन्हा दिसला. जिवंत.

रात्री या जातीचा शोध घेणं म्हणजे काय, हे सांगायला हवं. झाडामागून झाड तपासायचं. विजेरीचा झोत खोडावरून सावकाश वर न्यायचा, ढोलीच्या तोंडाशी रेशमाचे धागे आहेत का पाहायचं. कोळी तोंडाशी आलेला असतो, पण पुढचे पायच तेवढे बाहेर. झोत अंगावर पडला की क्षणभर थांबतो आणि सर्रकन आत जातो. हे कुळ चपळाईसाठी प्रसिद्ध आहे. माणसाचा हात पुढे होईपर्यंत हा खोडाच्या पलीकडच्या बाजूला पोहोचलेला असतो. त्या क्षणभरात जे दिसतं ते मात्र विसरता येणारं नाही. अंधारात काळपट वाटणारे पाय उजेड पडताच निळे होतात, गडद, विजेसारखे निळे.

जरा जवळून पाहू. पूर्ण वाढलेल्या कोळ्याचा पायांसकट पसारा 15 ते 20 सेंटिमीटर. पायांच्या वरच्या बाजूला निळ्यात पांढुरक्या-राखाडी खुणा आणि सांध्यांजवळ पिवळे ठिपके. पुढच्या भागाच्या पाठीवर फिकट नक्षी. पोटाच्या वरच्या बाजूला मधोमध पानाच्या आकाराचा फिकट पट्टा, त्याला गडद काठ, आणि काठातून फुटणाऱ्या बारीक रेषा. हीच नक्षी त्याला झाडाच्या सालीत लपवते. दिवसा ढोलीच्या कडेला तो अंग चपटं करून बसला तर शेजारून जाणाऱ्याला शेवाळलेल्या सालीचा तुकडा वाटेल. आता पोटाची बाजू. चिडला की तो पुढचे पाय वर उचलतो, आणि पायांच्या खालून भडक पिवळे पट्टे दिसतात. इशारा उघड आहे. दक्षिण अमेरिकेतल्या कितीतरी टॅरंट्युलांसारखे खाज आणणारे केस झटकण्याची सोय याच्याकडे नाही, म्हणून चावणं हेच याचं शस्त्र. याच्या विषाने माणूस दगावल्याची नोंद नाही, पण वेदना जबर होतात, घाम फुटतो, स्नायूंना पेटके येतात आणि त्रास काही दिवस रेंगाळू शकतो.

पिल्लं एवढी निळी नसतात. दर वेळी कात टाकली की रंग चढत जातो. मादी अकरा-बारा वर्षं जगते, कधी त्याहूनही जास्त. नराचं आयुष्य तीन-चार वर्षांचं. वयात आला की तो ढोली सोडून मादीच्या शोधात निघतो आणि त्यातच संपतो. ढोल्या कमी असतील तर लहानमोठे अनेक कोळी एकाच पोकळीत राहतात. एकमेकांना खाणाऱ्या प्राण्यांत ही सोबत विलक्षण वाटते, पण घरांची टंचाई तिथेही आहेच.

या निळ्याचं कोडं शास्त्रज्ञांना वेगळंच भिडलं. प्राण्यांत निळं रंगद्रव्य अतिशय दुर्मीळ. या कोळ्याच्या केसांतही निळा रंग भरलेला नाही. केसांच्या आतली रचना इतकी सूक्ष्म आहे की तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशातला निळा भागच तेवढा परत फिरतो. 2015 मध्ये सायन्स ॲडव्हान्सेस या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात टॅरंट्युलांच्या वंशावळीत निळा रंग किमान 8 वेळा स्वतंत्रपणे उपजल्याचं मांडलं गेलं. प्रत्येक वेळी केसांची आतली रचना वेगळी, पण परत फिरणारा निळा जवळपास तोच, 450 नॅनोमीटरच्या आसपासचा, वीस इकडे किंवा वीस तिकडे. मोरपिसाचा किंवा काही फुलपाखरांचा निळा कोन बदलला की बदलतो. या कोळ्यांचा निळा त्या मानाने बराच स्थिर राहतो, आणि म्हणून रंग बनवणाऱ्या अभियंत्यांनाही त्यात रस आहे.

मग हा निळा कुणासाठी? टॅरंट्युलांची नजर अधू, ते स्पर्शावर आणि कंपनांवर जगतात, तेव्हा जोडीदाराला मोहवण्यासाठी हा रंग नसावा, असा 2015 च्या अभ्यासाचा कल होता. 2020 मध्ये दुसऱ्या एका चमूने टॅरंट्युलांच्या डोळ्यांत कार्यरत असलेली प्रकाशग्राही प्रथिनं तपासली आणि रंग ओळखण्याची सामग्री त्यांच्याकडे असल्याचं दाखवलं. त्यामुळे हा रंग ते एकमेकांचा पाहतही असतील, हा मुद्दा पुन्हा उभा राहिला. वाद मिटलेला नाही. रात्री फिरणाऱ्या, उजेडाला भिणाऱ्या प्राण्याने इतका देखणा रंग सांभाळून ठेवावा, यामागे काहीतरी ठोस कारण असणारच. ते शोधायचं तर हा प्राणी त्याच्या स्वतःच्या झाडावर, स्वतःच्या अंधारात पाहायला हवा. काचेच्या पेटीत ते कळणार नाही.

काचेच्या पेटीचा विषय आलाच आहे तर तो इथेच बोलून घेतो, कारण या कथेतला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग तोच आहे. 2001 नंतर लवकरच हा कोळी युरोप-अमेरिकेतल्या हौशी पाळणाऱ्यांच्या बाजारात आला. सुरुवातीला एकेका कोळ्याला शेकडो डॉलर मोजले जात. पुढे पैदास जमली, पिल्लं स्वस्त झाली, आणि आज जगभरातल्या असंख्य घरांत हा निळा कोळी आहे. त्यातल्या बहुतेकांनी जंगल पाहिलेलं नाही. पण त्यांच्या पणजीची पणजी कुठली, या प्रश्नाला एकच उत्तर आहे. तेव्हा या जातीचं जगात दुसरं ज्ञात घर नव्हतं. म्हणजे कुणीतरी त्या ढोल्यांपर्यंत पोहोचलं, कोळी काढले आणि देशाबाहेर नेले. शास्त्राला जे ठिकाण सापडायला 102 वर्षं लागली, ते व्यापाराला सापडायला वेळ लागला नाही. नव्या किंवा दुर्मीळ जातींची अचूक जागा शोधनिबंधात छापू नये असं हल्ली बरेच अभ्यासक मानतात, ते उगाच नाही.

आणि ते घर केवढं? भारतीय अभ्यासकांनी केलेल्या मूल्यांकनानंतर 2008 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ही जात अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदली गेली. त्या नोंदीनुसार तिचं क्षेत्र 100 चौरस किलोमीटरहूनही कमी. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभराच्या थोडंसं वर आहे. म्हणजे एका पूर्ण जातीचं, उत्क्रांतीच्या एका अख्ख्या फांदीचं जग बोरिवलीच्या जंगलात मावेल आणि वर जागा उरेल. आजूबाजूच्या जंगलांतही शोध घेतला गेला, तिथे तो मिळाला नव्हता.

असं का, हे विचारायला हवं. नल्लमला कितीतरी मोठा आहे, तिथे एवढ्याशाच तुकड्यात का? टॅरंट्युला फार दूर पसरत नाहीत. पिल्लं चालत चालत जवळची झाडं गाठतात, मध्ये उघडं रान आलं की वाट बंद. झाडांची सलग रांग तुटली की या बाजूचे या बाजूला आणि त्या बाजूचे कायमचे त्या बाजूला. कदाचित एके काळी तो जास्त पसरलेला असेल आणि तोडीनंतर उरलेला हा शेवटचा तुकडा असेल. रेल्वेच्या वखारींना लाकूड पुरवणाऱ्या दशकांत त्या डोंगरांतून किती ढोल्या उतरल्या याचा हिशेब कुणाकडेच नाही. गुत्तीत एकच कोळी नजरेस पडला. इंजिनांच्या भट्टीत किती गेले असतील कुणास ठाऊक.

2019 मध्ये जिनीव्हाच्या परिषदेत पोसिलोथेरिया हे अख्खं कुळ वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घेतलं गेलं. आता देशाच्या सीमा ओलांडून त्याचा व्यापार करायचा तर परवाना लागतो. हे महत्त्वाचंच, आणि आधी व्हायला हवं होतं. पण सीमेवरच्या कागदाने जंगलातलं झाड उभं राहत नाही. लाल यादीने या जातीवरचं मुख्य संकट म्हणून नोंदवलंय ते अधिवासाचा ऱ्हास, म्हणजे सरपण आणि इमारती लाकडासाठीची तोड. यात ढोली असलेलं झाड सगळ्यात आधी मार खातं. पोकळ खोडाच्या फळ्या निघत नाहीत, सुतार ते घेत नाही, म्हणून ते निरुपयोगी ठरतं आणि सरपणात जातं. जंगलाच्या हिशेबात म्हातारं, किडलेलं, कुजलेलं म्हणून ज्या झाडावर खूण पडते, तेच या कोळ्याचं घर, त्याच्या मादीचं बाळंतघर आणि तिच्या डझनभर वर्षांच्या आयुष्याचा सगळा पत्ता.

नव्याने झाडं लावून हे भरून निघत नाही. रोपाला ढोली पडायला कैक दशकं जातात. तेव्हा नंद्याल-गिद्दलूरच्या त्या पट्ट्यात आज उभी असलेली पोकळ, वाकलेली, जुनी झाडं एकूण एक मोजून, नोंदवून तशीच उभी ठेवणं हे पहिलं काम आहे. आणि तिथून बाहेर पडून नल्लमलाची उरलेली रानं, रात्री, विजेरी घेऊन, खोडामागून खोड तपासत जाणं हे दुसरं.